पायांची वळवळ आणि ट्रॅमाडॉलची गोळी : ‘कधीमधी’ म्हणजे नक्की किती?



या ब्लॉगवर मी नेहमी एखादा आजार समजावून सांगतो. आज आजाराच्या माहितीबरोबर एक मतही मांडणार आहे. त्या मताच्या मुळाशी माझीच एक चूक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सहा-सात वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. वय ६६. मधुमेह नाही, रक्तदाब एका गोळीवर छान आटोक्यात. तक्रार त्यांनी अगदी शिक्षकाच्या शिस्तीत सांगितली. “डॉक्टर, पाय दुखत नाहीत. पण रात्री आडवा झालो की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार फेऱ्या मारल्या की थांबतं. परत पाठ टेकली की परत सुरू.”

हे रोज होत नव्हतं. महिन्यातून तीन-चार रात्री. मात्र प्रवासात हमखास. त्यांची लेक नागपूरला दिलेली. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने जायचं म्हणजे एक अख्खी रात्र गाडीत काढायची. शेवटच्या खेपेला ते रात्रभर डब्याच्या दाराजवळ उभे राहून गेले होते.

निदान कठीण नव्हतं. हा ‘रेस्टलेस लेग्स सिंड्रोम’, म्हणजे अस्वस्थ पायांचा विकार. मग त्यांनी विचारलं, “माझा पुतण्या जर्मनीत असतो. त्यालाही हेच आहे. तिथल्या डॉक्टरांनी त्याला विमानप्रवासापुरती एक गोळी दिली आहे, ट्रॅमाडॉल. मला चालेल का?”

मी अर्ध्या मिनिटात ‘नाही’ म्हटलं. “ती सवय लागणारी गोळी आहे, तिचं नावही काढू नका.” चहा कमी करा, पाय चेपून घ्या, असं सांगून त्यांना वाटेला लावलं. लोहाची तपासणी सांगितली नाही. दुसरा पर्यायही दिला नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी स्वतःच्या तक्रारीसाठी आल्या, तेव्हा बोलण्यात निघालं. मास्तर नातवाच्या बारशालाही गेले नव्हते. त्याआधी एकदा धीर करून निघाले, तर “झोप लागेल” म्हणून केमिस्टकडून ॲलर्जीची गोळी घेऊन गाडीत बसले. पाय थांबायचे सोडून जास्तच वळवळू लागले. गुंगीत, हलत्या गाडीत फेऱ्या मारता मारता संडासाजवळ पडले आणि मनगटाचं हाड मोडलं. त्यानंतर त्यांनी नागपूरचं नावच सोडलं.

मी ‘नाही’ म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं, आपण या माणसाला एका धोक्यापासून वाचवलं. प्रत्यक्षात मी त्यांना दुसऱ्या धोक्याकडे ढकललं होतं.

माझं मत, आधीच सांगून टाकतो

अस्वस्थ पायांचा त्रास ज्यांना कधीमधीच होतो, त्यांच्यापैकी काही मोजक्या लोकांना ठरावीक रात्रींसाठी कमी मात्रेत ओपिऑइड वर्गातली गोळी देणं योग्य आहे. पण तीन अटींवर. एक, आधी मूळ कारण शोधलेलं असावं. दोन, ज्यांना ही गोळी धोक्याची आहे, त्यांना ती देऊ नये. आणि तीन, ‘कधीमधी’ हा शब्द आकड्यात लिहिलेला असावा. यातली तिसरी अट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच डॉक्टर आणि पेशंट दोघंही विसरतात.

आता एकेक मुद्दा पाहू.

आधी खात्री करा, हाच आजार आहे का?

पाय आणि रात्र म्हटलं की आपल्याकडे सगळं एकाच खात्यात टाकलं जातं. तुम्ही स्वतःला हे चार प्रश्न विचारा.

१. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते का? (बहुधा आत वळवळ, मुंग्या, ओढ किंवा खाज असल्यासारखं वाटतं.)
२. बसलं किंवा पडलं की ते सुरू होतं किंवा वाढतं का?
३. चाललं, पाय ताणले, हलवले की तेवढ्यापुरतं तरी थांबतं का?
४. दिवसापेक्षा संध्याकाळी आणि रात्री जास्त असतं का?

चारही उत्तरं ‘हो’ असतील, तर या आजाराची शक्यता मोठी. पोटरीत अचानक गोळा येऊन कळ येते आणि स्नायू दगडासारखा होतो, तो पेटका; तो वेगळा. मधुमेहात तळपाय जळजळतात, बधिर होतात, ते नसांचं दुखणं. ते चालल्याने थांबत नाही. संधिवात, पायांच्या फुगलेल्या शिरा, नुसती पाय हलवत बसण्याची सवय, ही सगळी वेगळी प्रकरणं आहेत. उलटी थांबवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनी सगळं अंगच अस्वस्थ होतं आणि एका जागी बसवत नाही. तेही यापासून वेगळं काढावं लागतं.

हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतो, बऱ्याचदा घराण्यात चालत येतो, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत उफाळतो आणि बाळंतपणानंतर बहुधा शांत होतो. मूत्रपिंड निकामी झालेल्यांमध्येही तो बराच आढळतो. रक्ताची एखादी तपासणी करून ‘पॉझिटिव्ह’ असं उत्तर येत नाही. निदान पेशंटचं नीट ऐकूनच होतं. म्हणून तर ते चुकतं, कारण ऐकायला वेळ लागतो.

गोळीआधी दोन गोष्टी : लोह आणि औषधांची पिशवी

या आजाराचा लोहाशी घट्ट संबंध आहे. मेंदूच्या काही भागांत लोह कमी पडलं की डोपामिन या रसायनाचं काम बिघडतं. गंमत अशी की हिमोग्लोबिन अगदी छान असतानाही हे होऊ शकतं. म्हणून नुसतं “रक्त चांगलं आहे” यावर थांबू नका. ‘फेरिटिन’ आणि ‘ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन’ या तपासण्या सकाळी उपाशीपोटी करून घ्या.

इथे एक खाचखळगा आहे. बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर फेरिटिन १०-१५ च्या वर असलं की ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. पण अस्वस्थ पायांच्या बाबतीत मोजपट्टी वेगळी आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या माणसांत फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, अथवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह द्यायला हवं. गोळीने किंवा शिरेतून. फेरिटिन ७५ ते १०० च्या दरम्यान असेल, तर शिरेतून लोह देण्याचा विचार करतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, हेही ध्यानात ठेवा. आणि तपासणी न करता मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका; शरीरात लोह जास्त होणंही वाईटच.

दुसरी गोष्ट म्हणजे घरातली औषधांची पिशवी. सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, मेटोक्लोप्रामाइडसारखं उलटीचं औषध, नैराश्यावरची बरीच औषधं, मानसिक आजारावरची काही औषधं, यांनी पायांची वळवळ वाढते. मास्तरांच्या बाबतीत तेच झालं होतं. मात्र नैराश्याचं औषध स्वतःहून बंद करायचं नाही. ज्यांनी ते दिलं त्यांना “हे पाय त्या औषधाने तर होत नाहीत ना?” एवढं विचारायचं.

संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, दारू आणि अपुरी झोप हेही आगीत तेल ओततात. ज्या रात्री त्रास होतो त्या रात्री गरम किंवा गार पाण्याने पाय शेकणं, पोटऱ्यांचे ताण, थोडं चालणं, डोकं गुंतेल असं काही करणं, शब्दकोडं म्हणा किंवा पत्त्यांचा डाव म्हणा, याने कित्येकांची रात्र निभावते. प्रवासात कडेची जागा मागून घ्या, म्हणजे उठता येतं.

माझ्या अनुभवात निम्मी लढाई इथेच जिंकली जाते. ज्या डॉक्टरने फेरिटिन पाहिलं नाही, त्याने ओपिऑइडची चिठ्ठी लिहू नये. हे मी सर्वांत आधी स्वतःला बजावतो.

रोजचा त्रास वेगळा, कधीमधीचा वेगळा

उपचार ठरवताना पहिला प्रश्न असतो, त्रास आठवड्यात किती रात्री होतो?

आठवड्यातल्या बऱ्याच रात्री होत असेल, तर रोज घ्यायचं औषध लागतं. त्यासाठी आज गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन यांना पहिली पसंती आहे. पूर्वी आम्ही सर्रास प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल लिहीत असू. सुरुवातीला जादू झाल्यासारखं वाटतं. पण महिन्या-वर्षांनी अनेकांचा आजार उलट वाढतो. त्रास रात्री दहाऐवजी दुपारी चारलाच सुरू होतो, पायांवरून हातांपर्यंत पोचतो आणि गोळी वाढवली की आणखी बिघडतो. काहींना जुगार, अनावर खरेदी अशी व्यसनं जडतात. म्हणून २०२५ च्या त्याच सूचनांमध्ये ही औषधं नेहमीसाठी वापरू नयेत असं म्हटलं आहे. तुम्ही ती घेत असाल, तर हे वाचून एकदम बंद करू नका; डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करायची असतात.

पण ज्याला महिन्यातून तीन रात्री त्रास होतो, त्याने तीस रात्री औषध का घ्यावं? अशांसाठी गरजेपुरती गोळी हवी. मेयो क्लिनिकच्या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी उपचारांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात कधीमधीच्या त्रासासाठी लेवोडोपा-कार्बिडोपा, झोपेच्या गोळ्यांच्या वर्गातलं औषध कमी मात्रेत, किंवा ट्रॅमाडॉल-कोडीनसारखं सौम्य ओपिऑइड, असे पर्याय दिले आहेत. म्हणजे मास्तरांच्या पुतण्याला मिळालेला सल्ला वेडगळ नव्हता. तो पाठ्यक्रमातलाच होता. मला तो माहीत नव्हता, आणि माहीत नाही असं म्हणण्याऐवजी मी ‘नाही’ म्हटलं.

ओपिऑइडचा पायांशी काय संबंध?

ओपिऑइड म्हणजे अफूच्या घराण्यातली औषधं. मॉर्फिन आणि कोडीन अफूतून मिळतात. ट्रॅमाडॉल प्रयोगशाळेत बनतं, पण मेंदूतल्या त्याच कड्या वाजवतं.

हा उपचार नवाही नाही. इंग्लंडचे डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या उपचारात लॉडॅनम, म्हणजे अफूचा अर्क होता. स्वीडनचे कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४० च्या दशकात या आजाराला आजचं नाव मिळवून दिलं. १९९३ मध्ये ऑक्सिकोडोन या ओपिऑइडची बनावट गोळीशी तुलना करणारी छोटी चाचणी झाली आणि खऱ्या गोळीने फायदा दिसला. २०१३ मध्ये युरोपात मोठी चाचणी झाली. इतर औषधांनी आराम न पडलेल्या, तीव्र त्रास असलेल्या रुग्णांना ऑक्सिकोडोन आणि नॅलॉक्सोनची एकत्रित गोळी दिली, आणि तिथेही फायदा दिसला.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. या चाचण्या मुख्यतः रोज गोळी घेणाऱ्या, तीव्र त्रासाच्या लोकांवर झाल्या. प्रवासापुरती एक गोळी, या वापरामागचा आधार मोठ्या चाचण्यांपेक्षा तज्ज्ञांचा अनुभव हाच आहे. म्हणून मी याला ‘माझं मत’ म्हणतो, नियम म्हणत नाही.

आता दुसरी बाजू

मास्तरांची गोष्ट ऐकून कोणाला वाटेल, की मग द्यावी गोळी आणि सोडावा विषय. त्यांच्यासाठी दुसऱ्या एका पेशंटची हकिकत.

वय ५२, घरचं दुकान सांभाळणाऱ्या बाई. गुडघेदुखीसाठी कोणीतरी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिली होती. तिने गुडघा थांबलाच, शिवाय रात्रीची पायांची वळवळही थांबली. बाईंना वाटलं, सापडलं औषध! जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या येत राहिल्या. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज, मग दुपारीही एक. माझ्याकडे आल्या तेव्हा दिवसाला चार गोळ्या चालू होत्या, पोट आठ-आठ दिवस साफ होत नव्हतं. आणि तरी त्या म्हणत होत्या, “कधीमधी घेते हो.” खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मनात पहिल्या महिन्यातलं ‘कधीमधी’ तसंच राहिलं होतं.

गोळी चुकली की त्यांचे पाय भयंकर वळवळत. त्यांना वाटे, आजार वाढला. पण ओपिऑइड रोज घेऊन अचानक थांबवलं, तर पाय अस्वस्थ होणं हे गोळी सुटल्याचंच एक लक्षण असतं. म्हणजे गोळीनेच तयार केलेल्या त्रासावर गोळीच घेतली जाते, आणि चक्र सुरू होतं. शिवाय ट्रॅमाडॉल रोज घेणाऱ्या काहींमध्ये मूळ आजारही उलटून वाढल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत.

बाईंचं फेरिटिन निघालं ११. मासिक पाळीचा रक्तस्राव कित्येक वर्षं जास्त होता. शिरेतून लोह दिलं, रक्तस्रावावर स्त्रीरोगतज्ज्ञांनी उपचार केले, गोळी तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने सुटली. त्यांना ओपिऑइडची मुळात गरजच नव्हती.

एकाला ‘नाही’ म्हणून नुकसान झालं, दुसरीला कोणी ‘थांबा’ म्हटलं नाही म्हणून झालं.

म्हणून ‘कधीमधी’ आकड्यात लिहा

माझी आजची पद्धत अशी आहे. हे आकडे मी माझ्या कामासाठी ठरवले आहेत. तुमचे डॉक्टर तुमच्यासाठी वेगळे ठरवू शकतील. पण आकडा असावा, हा माझा आग्रह आहे.

• गोळी रात्रीच्या नावाने घ्यायची. ‘नागपूरचा प्रवास’, ‘एमआरआय’, ‘लग्नाहून परतीची गाडी’. “आज जरा बरं वाटत नाही” हे कारण चालणार नाही.
• लागोपाठ दोन रात्री नाही. महिन्यात चारपेक्षा जास्त नाही.
• एका चिठ्ठीवर दहाच गोळ्या. संपल्या की भेटायला यायचं.
• घेतलेली प्रत्येक गोळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. घरातल्या एका माणसाला हे माहीत असावं.
• पहिली गोळी प्रवासात घ्यायची नाही. आधी एका रात्री घरी घेऊन पाहायची. मळमळ, चक्कर, गुंगी किती येते ते कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवायची नाही.
• आकडा ओलांडू लागला, तर गोळी वाढवायची नाही. त्याचा अर्थ आजार आता ‘कधीमधी’चा राहिला नाही. फेरिटिन पुन्हा पाहायचं आणि रोजच्या उपचाराचा विचार करायचा.

ही गोळी कोणाला नको?

• झोपेत मोठ्याने घोरणारे, मध्येच श्वास अडकणारे. (हे पेशंट सांगत नाही, बायको किंवा नवरा सांगतो. म्हणून मी त्यांनाच विचारतो.) ओपिऑइडने श्वास मंदावतो.
• दारू घेणारे, झोपेच्या गोळ्या घेणारे. एकत्र घेतल्यास जीवावर बेतू शकतं. गॅबापेंटिन-प्रीगॅबालिन चालू असेल, तरी जपून.
• फिट येणारे किंवा पूर्वी आलेले. ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते.
• नैराश्याची औषधं चालू असलेले. काहींबरोबर ट्रॅमाडॉल घेतल्यास थरथर, घाम, ताप, गोंधळ असा गंभीर प्रकार होऊ शकतो.
• दमा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार, यकृत-मूत्रपिंडाचा आजार, प्रोस्टेटमुळे लघवी अडखळणारे, जुनी बद्धकोष्ठता असलेले.
• स्वतःला किंवा घरात कोणाला व्यसनाचा इतिहास असलेले.
• गरोदर, स्तनपान देणाऱ्या माता आणि मुलं.

मुलांचं वेगळं सांगायला नको. गिरण्यांच्या काळात मुंबईत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची ‘बाळगोळी’ देत आणि ती दिवसभर निपचित पडून राहत. झोप आणि गुंगी यातला फरक आपण तेव्हा महागात शिकलो आहोत.

कायदा आणि केमिस्ट

ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही औषधं ‘शेड्यूल एच-वन’मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि केमिस्टला डॉक्टर, पेशंट, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षं जपावी लागते. शिवाय एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं आहे. कायदा डॉक्टरला योग्य कारणासाठी लिहायला मनाई करत नाही. तो मोजून लिहा, इतकंच म्हणतो.

ओळखीच्या केमिस्टकडून ‘तशीच’ आणू नका. शेजाऱ्याला उसनी देऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध पायांसाठी पिऊ नका. परदेशी जाताना विशेष जपा. दुबईसह सगळ्या अमिरातींत, तसंच इजिप्तमध्ये ट्रॅमाडॉल नियंत्रित औषध आहे; चिठ्ठी आणि आधीची परवानगी नसताना ते बॅगेत सापडलं, तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं.

माझ्या डॉक्टर मित्रांना दोन शब्द

अमेरिकेत ओपिऑइडच्या बेसुमार चिठ्ठ्यांनी काय अनर्थ केला, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. ती भीती रास्त आहे. पण त्याच भीतीपोटी ट्रॅमाडॉलला हात न लावणारे आपण क्लोनाझेपाम मात्र किती सहज लिहितो? “घ्या अर्धी गोळी, शांत झोप लागेल.” सत्तरीच्या माणसाला त्या अर्ध्या गोळीची सवय लागते, तो रात्री पडतो आणि खुबा मोडतो. तिथे आपल्याला भीती वाटत नाही, कारण त्या गोळीचं नाव अफूशी जोडलेलं नाही. भीती नावाची नको, मात्रेची आणि मुदतीची असावी.

आणि ‘नाही’ म्हणायचंच असेल, तर त्यापुढे “त्याऐवजी हे करू” असं एक वाक्य हवं. पेशंट आपल्या नकाराने थांबत नाही. तो दुसरीकडे जातो, केमिस्टकडे जातो किंवा घरी बसतो.

मास्तरांचं पुढे काय झालं?

मी त्यांना निरोप पाठवून बोलावून घेतलं. आधी माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, “चूक कबूल केली की आम्ही अर्धे गुण द्यायचो.” फेरिटिन केलं, १४० निघालं, म्हणजे लोहाचा प्रश्न नव्हता. ॲलर्जीची गोळी कायमची बंद. घोरणं नाही, दारू नाही, फिटचा इतिहास नाही. लेवोडोपा आधी देऊन पाहिलं, त्याने फार मळमळलं. मग ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या लिहिल्या, वरचे सगळे नियम समजावून. पहिली त्यांनी एका शनिवारी घरी घेतली. थोडी मळमळ, पण पाय शांत.

त्या दिवाळीत ते नागपूरला गेले. जाताना एक, येताना एक. परत आल्यावर स्ट्रिप आणि कॅलेंडरचं पान दोन्ही घेऊन माझ्यासमोर बसले. सात गोळ्या शिल्लक होत्या. नातू तेव्हा तीन वर्षांचा झाला होता, आणि आजोबांनी त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं होतं.

तुम्हाला असा त्रास असेल, तर डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या : त्रास महिन्यात किती रात्री होतो, किती वाजता सुरू होतो, कशाने थांबतो, आणि सध्या घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी. “पाय दुखतात” असं म्हणू नका. जे होतं तेच, तुमच्या शब्दांत सांगा. फेरिटिनबद्दल विचारा. आणि कोणी गोळी दिलीच, तर एवढं जरूर विचारा, “डॉक्टर, कधीमधी म्हणजे महिन्यात किती?”

काळजी घ्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. यातलं कोणतंही औषध आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नये.)